जाड आवाज

बार्शीच्या एस.टी.तून नान्नजला उतरलो तेव्हा
साडेसातच वाजले होते,
तरी मुरूम चपलेखाली तापायला लागला होता.
लावण्या म्हणाली, बाबा, टोपी.
मला ऐकू आलं नाही.
तिने ती सरळ माझ्या डोक्यावर ठेवली.

एकतीस वर्षं चादरीच्या मागांवर जॉबर होतो.
धोट्याची ये-जा कानात इतकी मुरली
की कारखाना बंद पडला, ती नाही पडली.
डॉक्टर म्हणाले, पातळ आवाज गेले तुमचे:
पाखरांचे, चमच्यांचे, लहान पोरांचे.
जाड तेवढे राहिलेत.

फाटकापाशी वनरक्षक बिरुदेव,
काखेत नोंदवही, हातात पाण्याचा कॅन.
त्याचा बाप याच माळावर मेंढरं चारायचा.
"कुंपण झालं, मंग मी आतल्या अंगाला लागलो बगा,"
म्हणाला आणि हसला.
हसणं लगेच कळलं. वाक्य
लावण्याने कानाशी येऊन परत सांगितलं.

मला वाटलेलं वाळवंट असेल.
वाळू कुठेच नाही.
कांजी दिलेल्या कोऱ्या सुतासारखं
ताठ, पिवळं गवत,
पार कडेपर्यंत,
आणि मध्ये एक बाभूळ
कुणीतरी न्यायची विसरल्यासारखी.
तिच्या सावलीत तीन काळवीट उभे,
सावली सरकली की तेही सरकत.

पवन्या, शेडा, कुंदा: बिरुदेव नावं घेत पुढे.
कुसळं पायजम्यात घुसली.
मी वाकून एकेक ओढत राहिलो;
तुटलेला ताणा सांधणारी बोटं
अजून रिटायर झालेली नाहीत.

उताराखाली पाणी हललं.
तळं? मी विचारलं.
बिरुदेवने नुसती मान हलवली
आणि हातातला कॅन वर करून दाखवला.

एक धाविक पळाला, थबकला,
पळाला, थबकला.
ही चाल माझ्या ओळखीची होती.

मग चंडोल.
जमिनीतून कुणी फेकल्यासारखा सरळ वर,
चोच उघडी, गळा थरथरतोय,
आणि एवढं मोठं आकाश मुकं.
लावण्या मान मागे टाकून ऐकत होती.
माझ्याकडे बघितलं तिने, माझा तळहात ओढला
आणि बोटाने त्यावर टकटक सुरू केली:
चार बारीक, एक लांब, परत बारीक बारीक,
दम न घेता,
घाम आला तरी,
तो खाली गवतात पडेपर्यंत.

लपणात अकरापर्यंत बसलो.
पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.
माळढोक आला नाही.
बिरुदेव माझ्या कानाशी वाकला,
मोठ्याने म्हणाला,
"त्येचा आवाज जाड असतो, काका.
आखाडात बोलायचा.
रांजणात तोंड घालून कुणी हाक मारावी तसा.
बाप सांगायचा, मेंढरं चरायची थांबायची.
तुमाला ऐकू आला असता."

असता.
हा शब्द पहिल्या वेळीच
स्पष्ट पोचला.

मी म्हणालो, करून दाखव.
तो लाजला. साहेबलोक नाहीत ना, बघितलं.
मग पाणवठ्यात कॅन पालथा केला,
शेवटचा थेंब झटकला,
रिकाम्या कॅनला तोंड लावलं
आणि छातीतून काढला:
हूऽऽम.

दाताच्या मुळांपर्यंत आला मला तो.
बाभळीखालचा एक काळवीट
मान उचलून आमच्याकडे बघत राहिला.
परत कर, म्हणालो.
त्याने परत केला.

निघताना वहीत माझी सही घेतली.
वरच्या ओळीत त्याचं अक्षर, शाळेतल्यासारखं गोल:
काळवीट अकरा. धाविक दोन. खोकड एक, पहाटे.
माळढोक निरंक.
हे शेवटचं त्याने लिहिलं तेव्हा
पेन चाललं नाही म्हणून
दोनदा गिरवलं.

परतीच्या गाडीत लावण्याला झोप लागली.
मोज्यात एक कुसळ राहिलं होतं, टोचत होतं.
काढलं नाही.